‘असताना’, ‘दर’ आणि ‘पैकी’: शाब्दिक उदाहरण नेमकं कुठे अडतं

प्रश्न असा आला होता: “मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. नुसतं डेरिव्हेटिव्ह किंवा इंटिग्रेशन काढायला सांगितलं तर येतं. पण तेच शब्दांत गुंफून विचारलं की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही. प्रॉबॅबिलिटी आणि बायनॉमियलमध्येही तसंच. सोडवलेलं उत्तर पाहिलं की ‘हात्तिच्या, एवढंच होतं’ असं वाटतं. पायरीपायरीने कसं सोडवायचं ते सांगाल का?”

सोडवलेलं पाहून ‘एवढंच होतं’ वाटतं ना, मग तुझं गणित ठीक आहे. अडतंय ते वाचन. हे टोमणा म्हणून सांगत नाही. सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवते आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना एक गोष्ट दरवर्षी दिसते, शाब्दिक उदाहरणातले गुण जातात ते पहिल्या दोन-तीन ओळींत. चेन रूल चुकला म्हणून गुण गेलेली मुलं त्यामानाने थोडी.

होतं काय, की उदाहरण समोर आलं की मुलं आधी आकडे वेचतात. ३०, ९०, २ असे आकडे ‘दिलेले आहे’ म्हणून डावीकडे मांडतात आणि त्यांना बसेल असं सूत्र शोधत बसतात. आकड्यांच्या मधले बारके शब्द, म्हणजे दर, असताना, पैकी, किमान, माणशी, हे सगळे सुपातून फोलपटं उडावीत तसे उडून जातात. उदाहरण खरं तर त्या शब्दांत असतं. आकडा बदलला तर उत्तर बदलेल, पण हा एखादा शब्द बदलला तर उदाहरणच दुसरं होईल.

म्हणून माझ्या वर्गात पहिला नियम असा असतो की पहिल्या वाचनात आकड्यांवर बोट ठेवायचं, ते वाचायचेच नाहीत. काय घडतंय ते शेजारच्याला घरच्या भाषेत सांगायचं. पुस्तक इंग्रजी असलं तरी सांगताना मराठीतच. ‘व्हेन’चं ‘असताना’ झालं, ‘ॲट लीस्ट’चं ‘किमान’ झालं की अर्धी धुकटी हटते. ज्याला गोष्ट सांगता आली नाही त्याने पेन उचलायचा नाही.

आता एक उदाहरण सावकाश करू. बाकीची मग भराभर होतील.

नरसाळ्याच्या आकाराची टाकी आहे, टोक खाली. वरच्या तोंडाची त्रिज्या ३० सेंमी, खोली ९० सेंमी. नळातून दर मिनिटाला २ लिटर पाणी पडतं. टाकीत ३० सेंमी खोल पाणी असताना पातळी किती वेगाने चढत असेल?

कच्च्या कामाच्या पानावर तीन कप्पे कर आणि उदाहरणातला प्रत्येक तुकडा कुठल्या तरी एका कप्प्यात टाक. पहिला कप्पा ‘कायम खरं’. त्यात टाकीचा आकार आणि नळाचा दर. दुसरा कप्पा ‘त्या क्षणापुरतं खरं’. ‘असताना’ हा शब्द जे सांगतो ते इथे, म्हणजे खोली ३० सेंमी. तिसरा कप्पा ‘विचारलेलं’, म्हणजे पातळीचा वेग.

दुसरा कप्पा बंद करून कुलूप लाव. डेरिव्हेटिव्ह काढून होईपर्यंत तो उघडायचा नाही. या एका शिस्तीवर हे अख्खं प्रकरण उभं आहे, आणि नेमकी हीच मोडली जाते.

पाण्याचं घनफळ घ, पाण्याच्या वरच्या गोलाची त्रिज्या त्र, पाण्याची खोली उ. वहीत तू डीव्ही बाय डीटी लिहिशील, इथे मी त्याला ‘घ चा वेग’ म्हणते. हे सगळं पाण्याचं आहे, टाकीचं नाही. हे वाक्य उत्तरपत्रिकेतही लिही, ‘समजा, टाकीतल्या पाण्याची खोली उ सेंमी’. नुसतं ‘समजा, उंची उ’ लिहिणारी मुलं चार ओळींनंतर उ च्या जागी ९० घालून मोकळी होतात.

शंकूचं सूत्र तुला येतंच:

घ = १/३ × पाय × त्र² × उ (पाय म्हणजे π, ३.१४ वाला)

इथे त्र आणि उ दोन्ही हलतात. आपल्याला फक्त उ हवा आहे. मग पहिल्या कप्प्यात बघायचं, या दोघांना बांधणारं कायम खरं असं काही आहे का? आहे. टाकी कितीही भरलेली असो, पाण्याचा शंकू टाकीच्याच घडणीचा असणार. समरूप त्रिकोणांवरून त्र : उ = ३० : ९०, म्हणजे त्र = उ/३. त्यामुळे

घ = १/३ × पाय × (उ/३)² × उ = पाय × उ³ / २७

आता काळाच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह:

घ चा वेग = (पाय × उ² / ९) × (उ चा वेग)

कुलूप आता उघड. घ चा वेग २ लिटर, म्हणजे मिनिटाला २००० घन सेंमी. एककं इथेच जुळवून घ्यायची, नंतर लक्षात राहत नाहीत. उ = ३०.

२००० = पाय × १०० × (उ चा वेग)

उ चा वेग = २०/पाय, म्हणजे मिनिटाला साधारण ६.३७ सेंमी.

कुलूप आधी उघडलं तर काय होतं ते बघ. खोली ३० असताना त्रिज्या १०, हे खरंच आहे. म्हणून कुणी सुरुवातीलाच त्र = १० घालतो. मग घ = १००/३ × पाय × उ, आणि वेग येतो ६०/पाय, सुमारे १९.१. बरोबर उत्तराच्या नेमका तिप्पट. वहीत १९.१ दिसलं की वरचं काही न वाचता मी सांगते की त्रिज्या आधी घातलीस. त्र ला आकडा दिला की तो हलायचा थांबतो. शंकूच्या घनफळात उ चा घन होता, तीन घटक हलत होते. त्यातले दोन आपण खिळे ठोकून बसवले.

ताळा कसा करायचा? पातळी अगदी थोडी चढली तर नवं पाणी एका पातळ चकतीच्या रूपात वर बसतं. त्या क्षणी चकतीची त्रिज्या १०, क्षेत्रफळ १०० पाय, म्हणजे ३१४ चौ. सेंमी. मिनिटाला २००० घन सेंमी पाणी ३१४ चौ. सेंमीवर पसरतंय, २००० भागिले ३१४, पुन्हा ६.३७. “मग एवढा खटाटोप कशाला केला?” असं एक मुलगी दरवर्षी विचारते. बरोबरच विचारते. डेरिव्हेटिव्ह म्हणत होता तेच ही चकती म्हणते आहे. हे ज्याला दिसलं त्याला ६० सेंमी खोलीचं उत्तर तोंडी येईल. त्रिज्या दुप्पट, चकती चौपट, वेग पाव, म्हणजे १.५९. नरसाळं भरताना आधी झरझर आणि मग रेंगाळत का भरतं, हे स्वयंपाकघरात तेल ओतणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

शिडीचं उदाहरण तू केलं असशीलच. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली, खालचं टोक सेकंदाला ०.४ मीटरने बाहेर सरकतंय. ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येईल? कायम खरं काय? शिडीची लांबी. आडवं अंतर क्ष, उभं अंतर य, तर क्ष² + य² = २५. डेरिव्हेटिव्ह काढून दोनाने भागलं की

क्ष × (क्ष चा वेग) + य × (य चा वेग) = ०

क्ष ३ असताना य ४ येतो. आता ३ आणि ४ घाल. ३ × ०.४ + ४ × (य चा वेग) = ०, म्हणून य चा वेग उणे ०.३. प्रश्नात ‘खाली येईल’ म्हटलेलं आहे, म्हणजे उणे चिन्ह त्या ‘खाली’ शब्दात आधीच गेलं. उत्तर ‘सेकंदाला ०.३ मीटर वेगाने खाली’. ‘उणे ०.३ ने खाली’ लिहिलंस तर शिडी वर चढेल!

हा काटकोन त्रिकोण आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. किती उंचीवर मोडला? तिथे कर्ण कायम नाही. मोडलेला आणि उभा राहिलेला भाग मिळून ३२, ही बेरीज कायम आहे. उभा भाग क्ष धरला तर १६² + क्ष² = (३२ − क्ष)², त्यावरून क्ष = १२. शिडी आणि वेळू यांची आकृती सारखीच दिसते, फरक फक्त ‘काय बदलत नाही’ यात. आकृती पाहून सूत्र आठवणारा फसतो तो इथेच.

(शिडीबद्दल एक गंमत. खालचं टोक ४.९९ मीटरवर गेल्यावर हेच सूत्र वरच्या टोकाचा वेग काढायला वापर. सेकंदाला सहा मीटरच्या पुढे जातो, आणखी पुढे गेलं तर अनंताकडे. खऱ्या शिडीचं टोक त्याआधीच भिंत सोडतं, म्हणजे आपलं ‘कायम खरं’ तिथे खोटं पडतं. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही.)

आता जास्तीत जास्त-कमीत कमीची उदाहरणं. इथे मी स्वतः एकदा वर्गासमोर तोंडावर पडले आहे, ते सांगते. नोकरीची पहिलीच वर्षं होती. फळ्यावर मीच रचलेलं उदाहरण लिहिलं होतं. अष्टविनायकाच्या सहलीला ४० जण आले तर माणशी १,२०० रुपये. ४० च्या वर येणाऱ्या प्रत्येक माणसामागे सगळ्यांचंच भाडं २० रुपयांनी कमी. बस ४५ आसनी. किती माणसं घेतली तर सहल काढणाऱ्याची जमा सर्वांत जास्त होईल?

वाढीव माणसं क्ष. जमा = (४० + क्ष)(१२०० − २०क्ष) = ४८००० + ४००क्ष − २०क्ष². डेरिव्हेटिव्ह ४०० − ४०क्ष, शून्याला जुळवलं की क्ष = १०. दुसरा डेरिव्हेटिव्ह उणे ४०, म्हणजे कमालच. ५० माणसं, माणशी १,०००, जमा ५०,०००. उत्तराखाली मी झोकात दोन रेघा ओढल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, पाच जण टपावर का?”

४५ आसनी हे मीच लिहिलं होतं आणि मीच वाचलं नव्हतं. क्ष फक्त ० ते ५ मध्ये फिरू शकतो. त्या पट्ट्यात डेरिव्हेटिव्ह कुठेच शून्य होत नाही, तो सगळीकडे धन आहे, म्हणजे जमा वाढतच जाते आणि कमाल टोकाला मिळते. क्ष = ५, ४५ माणसं, माणशी १,१००, जमा ४९,५००. तेव्हापासून ‘समजा, क्ष’ लिहिलं की पुढच्याच ओळीत ‘क्ष कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो’ हे लिहायला लावते. लांबी उणे नसते, माणसं अपूर्णांकात नसतात, पत्र्याच्या कोपऱ्यातून कापलेला चौकोन पत्र्याच्या अर्ध्या रुंदीपेक्षा मोठा नसतो. एवढी एक ओळ पुरते.

याच उदाहरणात ‘सगळ्यांचंच’ हा शब्द गिळून टाक आणि बघ. सूट फक्त वाढीव माणसांना दिली तर जमा ४० × १२०० + क्ष(१२०० − २०क्ष) होते आणि कमाल क्ष = ३० ला जाते. सत्तर माणसं! आकडे तेच, शब्द एक कमी.

आणखी एक गोष्ट बघून ठेव. बस मोठी असती आणि ५० ऐवजी ४८ च माणसं आली असती तर जमा ४८ × १,०४०, म्हणजे ४९,९२०. फक्त ८० रुपयांचा फरक. कमालीच्या जवळ आलेख जवळपास सपाट असतो, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी फारसं बिघडत नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने हे वाइनच्या पिंपात पाहिलं होतं. १६१३ साली त्याचं दुसरं लग्न झालं, तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये वाइन विकणारा माणूस पिंपाच्या भोकातून तिरकी काठी आत घाली आणि काठी जेवढी भिजली त्यावरून दाम सांगे. पिंप बसकं असो की उभट, काठी तीच! केप्लरला हे खटकलं. हिशोब केला तेव्हा आढळलं की ऑस्ट्रियन पिंपांची घडण, तेवढ्या काठीत जास्तीत जास्त वाइन मावेल अशा घडणीच्या जवळपासच होती, म्हणून पिंपाच्या आकारात थोडा फरक पडला तरी दामात विशेष अन्याय होत नव्हता. १६१५ साली त्याने यावर अख्खा ग्रंथच छापला. न्यूटन तेव्हा जन्मलाही नव्हता.

चहा थंड होण्याची उदाहरणं उरकून टाकू, कारण तिथे चूक एकच असते. खोलीचं तापमान २५ अंश, चहा ८५ वर, ५ मिनिटांनी ६५ वर. न्यूटनचा थंड होण्याचा नियम चहाच्या तापमानाबद्दल बोलत नाही, चहा आणि खोली यांच्यातल्या फरकाबद्दल बोलतो. फरक ६० होता, ४० झाला, म्हणजे दर ५ मिनिटांना तो दोन-तृतीयांश होतो. आणखी ५ मिनिटांनी फरक २६.७, चहा ५१.७ अंश. ४५ अंशांना यायला फरक २० व्हायला हवा, म्हणजे (२/३) चा किती घात १/३ होतो ते लॉगने काढायचं. २.७१ येतो, गुणिले ५, साडेतेरा मिनिटं. ‘फरक’ हा चल धरलास की समीकरण स्वतःहून सरळ होतं.

आता संख्याशास्त्राकडे. तिथे ‘असताना’ची जागा ‘पैकी’ घेतो. इंग्रजीत हा अर्थ ‘ऑफ’, ‘अमंग’, ‘गिव्हन दॅट’ असा विखुरलेला असतो. मराठीत ‘पैकी’ तो सगळा एका शब्दात गोळा करतो, आणि ज्या शब्दाला ‘पैकी’ चिकटतो तो छेद. एवढं लक्षात ठेवलंस तर कंडिशनल प्रॉबॅबिलिटीतल्या निम्म्या चुका टळतील.

उदाहरण घे. आढीत वरच्या बागेचे ६०% आणि खालच्या बागेचे ४०% हापूस आहेत. वरच्या बागेच्या आंब्यांपैकी ३% साका निघतात, खालच्या बागेच्या आंब्यांपैकी ८%. एक आंबा उचलून कापला, साका निघाला. तो खालच्या बागेचा असण्याची शक्यता किती? (कोकणाबाहेरच्यांसाठी: साका म्हणजे वरून अगदी देखणा, पण आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस झालेला गर.)

बरीच मुलं ८% उत्तर देतात, काही ३.२%. अशा उलट्या प्रश्नांसाठीचं (निकाल दिसला, मूळ कुठलं?) बेझचं सूत्र पाठ असूनही. सूत्र बाजूला ठेव आणि आढीत १००० आंबे धर. वरच्या बागेचे ६००, त्यांपैकी साका १८. खालच्या बागेचे ४००, त्यांपैकी साका ३२. एकूण साका ५०. प्रश्न काय आहे? ‘साका निघालेल्यांपैकी खालच्या बागेचे किती?’ पैकी कुणाला चिकटला? साका निघालेल्यांना. छेद ५०, अंश ३२. उत्तर ६४%.

८% म्हणणाऱ्याने छेद ४०० घेतला, ३.२% म्हणणाऱ्याने १०००. अंश तिघांचाही ३२ च! म्हणून मी सांगते, प्रॉबॅबिलिटीच्या उदाहरणात आधी छेद लिही, त्याच्या शेजारी तो कुणाचा छेद आहे ते शब्दांत लिही, आणि मग अंशाकडे वळ. १००० आंब्यांची युक्ती बोर्डाच्या पेपरात चालते का, असं मुलं विचारतात. कच्च्या पानावर उत्तर आधी मिळवायला चालते. मुख्य उत्तर बेझच्या सूत्रानेच मांड: ०.४ × ०.०८ भागिले (०.६ × ०.०३ + ०.४ × ०.०८). तुझ्या लक्षात येईल की ते ३२ भागिले ५० च आहे, फक्त हजाराने भागलेलं.

बायनॉमियलमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रयोगांपैकी किती यशस्वी होतील याच्या शक्यतेत, घोळ घालणारे शब्द वेगळे. किमान, जास्तीत जास्त, पेक्षा अधिक, नेमके. मी सोयाबीनच्या उगवणचाचणीवरून शिकवते, कारण आमच्याकडे निम्म्या वर्गाच्या घरी जूनच्या आधी ती चाललेलीच असते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, ओल राखायची आणि काही दिवसांनी उगवलेले मोजायचे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता ७०% धरलेली आहे.

समजा, बियाणं खरोखर ७०% चं आहे आणि तू १० दाणे लावलेस. ‘नेमके ८ उगवतील’ याची शक्यता ४५ × ०.७⁸ × ०.३², म्हणजे ०.२३३. ९ ची ०.१२१, १० ची ०.०२८. आता शब्द बघ. ‘किमान ८’ म्हणजे ८, ९, १०, बेरीज ०.३८३. ‘८ पेक्षा अधिक’ म्हणजे ९ आणि १०, ०.१४९. ‘जास्तीत जास्त ८’ म्हणजे ० ते ८, १ − ०.१४९ = ०.८५१. तिन्हीत आकडा ८ च आहे, उत्तरं एकमेकांच्या जवळपासही नाहीत. माझा उपाय अगदी बाळबोध आहे. पानावर ० ते १० ओळीने लिहायचे आणि शब्द वाचून त्यातल्या चालणाऱ्या आकड्यांना गोल करायचे. ज्या बाजूला गोल कमी ती बाजू मोजायची. बारावीतल्या हुशार मुलांनाही मी हे करायला लावते आणि ती कुरकुरतात.

बायनॉमियल लावण्याआधी एक खात्री करायची असते. प्रयोगांची संख्या ठरलेली, प्रत्येकाचे निकाल दोनच, शक्यता सगळ्यांची सारखी, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही. गोणपाटाचा एक कोपरा कोरडा राहिला तर तिथले दाणे सगळेच रुसतात, मग शेवटची अट गेली. पुस्तकात ‘परत ठेवून’ आणि ‘परत न ठेवता’ असं लिहिलेलं असतं तेही याच अटीसाठी.

तीन-चार वर्षांपूर्वी एका मुलाने पुढचा प्रश्न विचारला. त्याच्या घरी बॅगेतल्या १०० दाण्यांतले ६४ उगवले होते. “मॅडम, बॅग ७० टक्क्यांच्या खालची आहे असं म्हणायचं का?” मी म्हटलं, फळ्यावर ये.

बॅग ७०% ची आहे असं धरलं तर सरासरी १०० × ०.७ = ७०. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात ते माप: १०० × ०.७ × ०.३ = २१ चं वर्गमूळ, ४.५८. ६४ हा ७० पासून सहाने खाली, म्हणजे सव्वा-दीड डेव्हिएशनच्या मधे कुठेतरी. इथे शक्यता ‘नेमके ६४’ची काढायची नाही. नेमका कुठलाही एक आकडा दुर्मीळच असतो, अगदी ७० सुद्धा शंभरातून आठ-नऊ वेळाच येतो. काढायची ती ‘६४ किंवा त्याहून कमी’ची. एवढ्या दाण्यांना बायनॉमियलऐवजी नॉर्मलचा घंटेसारखा आलेख चालतो; दाणे अर्धे उगवत नाहीत, म्हणून त्याखालचं ६४.५ पर्यंतचं क्षेत्र घ्यायचं. (६४.५ − ७०) भागिले ४.५८ = −१.२०. नॉर्मलच्या तक्त्यात त्याच्या डावीकडे ०.११५. म्हणजे बॅग चांगली असूनही शंभरातल्या अकरा-बारा चाचण्यांत ६४ किंवा कमी दिसणारच. एवढ्यावरून बॅगेला नावं ठेवता येत नाहीत.

“मग काय करायचं?” आणखी ३०० दाणे लावायचे. त्याने खरंच लावले. चारशेंत मिळून २५६ उगवले, म्हणजे टक्केवारी तीच, ६४. मुलगा म्हणाला, “तेच आलं की!” टक्केवारी तीच आली, पण छेद बदलला होता. चारशेंपैकी अपेक्षित २८०, डेव्हिएशन ४०० × ०.७ × ०.३ = ८४ चं वर्गमूळ, ९.१७. (२५६.५ − २८०) भागिले ९.१७ = −२.५६. डावीकडे ०.००५, हजारात पाच. बॅग ७०% ची असेल यावर आता विश्वास ठेवणं कठीण. दाणे चौपट केले, डेव्हिएशन मात्र दुपटीनेच वाढलं, म्हणून तोच ६४ टक्के आता वेगळं बोलायला लागला.

त्याच्या वडिलांनी बॅग परत केली नाही, पेरणी तोंडावर आली होती. उगवण कमी म्हणून एकरी बियाणं त्या प्रमाणात वाढवलं, ७० भागिले ६४, म्हणजे साधारण दहा टक्के जास्त. हा भागाकार त्यांनी माझ्याआधी तोंडी केला होता.

आज रात्री पुस्तकातली पाच शाब्दिक उदाहरणं घे आणि एकही सोडवू नकोस. फक्त तीन कप्पे भर, आणि जिथे शक्यता विचारली असेल तिथे छेदाचं नाव लिही. एखादा तुकडा कुठल्या कप्प्यात टाकायचा ते ठरत नसेल तर ते उदाहरण तसंच मला विचार, फक्त अडलं ते वाक्य अधोरेखित करून पाठव.